रंग देण्याआधी आरसी बघा: जुन्या मोटारसायकलच्या नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज

पंधरा वर्षं उलटलेली आरएक्स १००, सीडी १०० किंवा स्प्लेंडर घेऊन ती नव्यासारखी करणारे बहुतेक जण आधी इंजिन उघडतात, मग रंग देतात आणि शेवटी कागद हातात घेतात. अर्ज नेमका याच क्रमामुळे फेटाळला जातो.

पात्रता सोपी आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षं चालते. पुढे दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी फॉर्म २५. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आतच हा अर्ज घेतला जातो. विम्याची तारीख हीच गाडीची मुदत असं समजून लोक गाफील राहतात, आणि मुदत टळली की दुचाकीला दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क चढत जातं. ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी १५ वर्षांपुढच्या मोटारसायकलला १,००० आणि २० वर्षांपुढच्या मोटारसायकलला २,००० रुपये आहे. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं, त्यामुळे ती सरसकट दुसऱ्या गटात जाते. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. जुनी गाडी विकत घेताना ही सगळी थकबाकी किमतीतून वजा करूनच बोला.

कागद: मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर आधी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही घ्या. मालक वारला असेल तर वारसासाठी फॉर्म ३१ असतो. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचं ना हरकत पत्र लागतं, मग कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं का असेना.

घोडं खरं अडतं ते इथे. हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकाची नोंद कित्येकदा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत नसतेच. मग ऑनलाइन अर्ज उघडत नाही आणि नवी सुरक्षा नंबरपाटीही (एचएसआरपी) बुक होत नाही. मूळ आरसी घेऊन आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. दप्तर कार्यालयाचं, ते संगणकावर चढवायचं राहिलं तेही कार्यालयाकडूनच, तरी खेटे अर्जदारालाच घालावे लागतात, हे योग्य नाही. एंट्री झाली की चेसिस आणि इंजिन नंबरचं एकेक अक्षर तिथेच ताडून घ्या. शून्याच्या जागी ‘ओ’ पडला तरी पुढचं सगळं अडतं. मोबाइल नंबर जोडणंही त्याच फेरीत उरकून घ्या.

दुसरी अडचण गॅरेजमध्येच तयार होते. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलखालच्या मानेच्या पाइपवर कोरलेला असतो. सँडब्लास्टिंगने (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना) तो झिजतो आणि पावडर कोटिंगने बुजतो. इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या कवचावर) असतो, तो बफिंगमध्ये, म्हणजे घासून चकाकी आणताना, जातो. गाडी तपासणाऱ्या आरटीओ निरीक्षकाला नंबर वाचता आला नाही की अर्ज थांबलाच, शिवाय चोरीच्या गाडीचा संशय येतो तो वेगळाच. म्हणून फ्रेम सोडवण्याआधी ठसा घ्या, फोटो काढा, आणि नंबरावर टेप लावूनच ब्लास्टिंगला द्या. त्या जागी पातळ रंगाचा एकच हात पुरे. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकल्याने नंबराला काही होत नाही, पण क्रँककेस बदलला की नंबर गेला.

आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ या मोठ्या मॉडेलचं इंजिन बसवलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ मिळतात. त्या घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलता येतो, पण आरसीवर त्याची नोंद करून घ्या. आरसी काळी आणि समोर उभी गाडी लाल, एवढ्यावरून लोक परत पाठवले गेले आहेत.

पीयूसीला मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी आहे. टू-स्ट्रोक गाडी नापास झाली तर आधी सायलेन्सरच्या आतली जाळी काढून कार्बन साफ करा, एअर फिल्टर बदला, ऑइल पंपाची केबल खुणेवर आणा. त्यानंतर इंजिन चांगलं तापवूनच तपासणीला न्या.

निरीक्षणाला हॉर्न, दोन्ही ब्रेक, ब्रेक लाइट, इंडिकेटर, आरसे चालू हवेत. ब्रेक लाइटचा मागचा स्विच हमखास राहून जातो. नोंदणीची मुदत संपली असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी आधी आरसीची तारीख बघते.