डोंगरीचा तुरुंग ते तीनशे शब्दांचा निबंध

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची सजा झाली. ती त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात भोगली आणि थोडी सूट मिळून १०१ दिवसांनी दोघे बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं, त्यामुळे मराठी वाचकाला हा तुरुंग निदान ऐकून माहीत असतो. पुढे उमरखाडीच्या त्याच आवारात मुलांचं रिमांड होम आलं. पोरांना तुरुंगाची हवा लागू नये म्हणून काढलेली सोय, आणि ती जुन्या तुरुंगात! मुंबईतल्या कित्येक आईबापांनी ‘मस्ती केलीस तर डोंगरीला टाकीन’ असा दम भरला, तो काही उगाच नाही.

याला निव्वळ जागेची अडचण म्हणून सोडून देता येत नाही. अल्पवयीन गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी काय द्यायचं, हा प्रश्न आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं जुना आहे. बहुतेक वेळा त्याचं उत्तर म्हणून आणखी एक इमारत उभी राहिली. मुलाला घरीच ठेवून, कुणाच्या तरी देखरेखीखाली सुधारण्याची तरतूदही कायद्यात फार पूर्वीपासून आहे. मात्र तिला माणसं लागतात, आणि सरकारला माणसं नेमण्यापेक्षा भिंती बांधणं सोपं जातं, असं हा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा वाटतं.

सुरुवात १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यापासून करता येते. १० ते १८ वयाची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुलं मॅजिस्ट्रेटने एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून द्यायची, म्हणजे त्यांच्या हाताला काम लागेल, अशी कल्पना होती. पाठोपाठ १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची रिफॉर्मेटरी, म्हणजे मुलांची सुधारशाळा, निघाली. काळा घोड्याचं वाचनालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच हे ससून. माहीमला त्यांच्या नावाचं इंडस्ट्रियल स्कूल आजही आहे. त्या काळात आणखी एक ‘पर्याय’ होता. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलाला इतर शिक्षेऐवजी वेताचे फटके देता येत. तुरुंगाच्या खर्चापेक्षा स्वस्त आणि झटपट. ही शिक्षा रद्द व्हायला १९५५ उजाडलं.

१८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी शाळांचे कायदे हा पुढचा टप्पा. १८९७ च्या कायद्यानुसार कैदेची शिक्षा झालेल्या पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी अशा शाळेत पाठवायचं, पण किती काळ? किमान तीन वर्षं आणि कमाल सात. म्हणजे मोठा माणूस ज्या चोरीसाठी काही महिने आत बसून सुटायचा, तीच चोरी केलेला पोरगा ‘सुधारणेसाठी’ वर्षानुवर्षं अडकायचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र कलम ५६२ आलं. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची मुभा त्यात होती. परिविक्षेचं, म्हणजे प्रोबेशनचं, आपल्याकडचं मूळ इथे आहे. पण सुटलेल्या मुलाकडे नंतर बघायचं कुणी, यावर ते कलम गप्प होतं.

ही उणीव १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने हेरली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत आणि चौकशी चालू असताना त्यांना ठेवायला वेगळी जागा हवी, असं सांगितलं. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बालक कायदा केला. मुंबईत अंमलबजावणीला १९२७ साल उजाडलं. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीचं काम तिच्याकडे आलं. १९३६ मध्ये नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था (टीआयएसएस). मुलाची चौकशी म्हणजे त्याच्या घरची, शाळेची, वस्तीची चौकशी, हा विचार पोलिसांकडून नव्हे, तर समाजकार्याच्या क्षेत्रातून आला.

दरम्यान, १९२९ च्या कायद्याने थोड्या मोठ्या वयाच्या मुलांसाठी मुंबई इलाख्यात बोर्स्टल शाळा, म्हणजे तुरुंगाऐवजी शिस्त आणि कामाचं शिक्षण देणाऱ्या संस्था, आल्या. नाशिकचं किशोर सुधारालय त्याच परंपरेतलं. १९३८ मध्ये मुंबईने स्वतःचा परिविक्षा कायदा केला आणि १९५८ मध्ये तसाच कायदा देशभरासाठी झाला. त्यातलं कलम ६ आजही वाचण्यासारखं आहे. गुन्ह्याला जन्मठेप सांगितलेली नसेल, तर एकवीस वर्षांखालच्या दोषी ठरलेल्याला न्यायालयाने सहसा तुरुंगात पाठवू नये. पाठवायचंच असेल, तर कारणं लिहून द्यावीत आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. पासष्टहून अधिक वर्षांपूर्वीच्या मानाने हे फार पुढचं पाऊल होतं.

प्रत्यक्षात मुलं तुरुंगात होतीच. पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन सोळा वर्षांखालची मुलं शोधायला सांगितलं. त्याच वर्षी संसदेने पहिला देशव्यापी बाल न्याय कायदा केला. मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन, आणि कोणत्याही परिस्थितीत त्यांना कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. २००० च्या कायद्याने वयाची रेघ दोघांसाठीही अठरावर आणली. न्यायालयाच्या जागी बाल न्याय मंडळ आलं: एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री.

सध्याच्या व्यवस्थेचा कणा म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल. त्याचा नमुना एकदा नजरेखालून घालावा. घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, मुलाने शाळा कधी आणि का सोडली, कामाला जात होता का, मित्र कसले, व्यसन आहे का, कुणी मारहाण केली का, मोठ्या माणसांनी त्याला गुन्ह्यात वापरून घेतलं का, असे प्रश्न पानंच्या पानं चालतात. हे भरायला त्या घरी जावं लागतं, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. या अहवालाच्या आधारे मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, दंड करू शकतं, परिविक्षेवर पालकांकडे सोपवू शकतं किंवा समाजसेवा करायला लावू शकतं. विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवणं हा शेवटचा उपाय. समाजसेवा म्हणजे काय, तेही नियमांत आहे: बागेची निगा, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक म्हणून काम. अहवाल घाईघाईत, ऑफिसात बसून भरला गेला, तर यातलं काहीच धड होत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणात सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा निघाला आणि वारं फिरलं. त्याची तीन वर्षं संपली त्याच आठवड्यात, २२ डिसेंबर २०१५ रोजी, राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला असेल, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट त्यात उघडली. पण ‘अत्यंत गंभीर’ म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेला गुन्हा. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतल्या एका मर्सिडीज अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कलमात किमान सात वर्षं नसतील तर गुन्हा त्या वर्गात बसत नाही, कमाल शिक्षा कितीही असो.

पुण्यात १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा हे सगळं एकदम चव्हाट्यावर आलं. मंडळाने त्याला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांचा निबंध आणि पंधरा दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम करण्याची अट, यावर लोक भडकले. संताप योग्यच होता, पण नेम थोडा चुकला. वाहतुकीचं काम ही काही मंडळाच्या डोक्यातून निघालेली गंमत नव्हती, नियमांतच तिला आधार आहे. चूक वेगळीच होती. चौकशीअंती, अहवाल वाचून द्यायच्या उपायासारखं काहीतरी इथे काही तासांत जामिनाची अट म्हणून देऊन टाकलं गेलं. नंतर जामिनाचा आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवायच्या जागी, पाठवलं. ते बेकायदा ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जूनला त्याला सोडायला लावलं. प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

या गदारोळात एक बदल जवळजवळ न बोलता आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मोठ्या माणसांसाठीही समाजसेवा ही शिक्षा आहे, पण मोजक्याच गुन्ह्यांना. पाच हजारांखालची पहिली चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, बदनामी वगैरे. अठरा पुरी होऊन महिनाच झालेला, मोबाइल चोरताना पकडलेला मुलगा आता मंडळापुढे नाही, थेट मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो. मोबाइल पाच हजारांच्या वरचा असेल, तर समाजसेवेची ही सवलत त्याला नाही. त्याच्यासाठी उरतं १९५८ च्या कायद्यातलं ते कलम ६, आणि ते लावायचं तर परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आधी न्यायालयात पोचावा लागतो.