एडवर्ड थॉमस फेलोशिप

वेल्श वंशाचा इंग्रजी कवी एडवर्ड थॉमस (३ मार्च १८७८ – ९ एप्रिल १९१७) याच्या स्मरणार्थ १९८० साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेली साहित्यसंस्था. त्याच्या जीवनाविषयी व लेखनाविषयी आस्था वाढवणे, त्याच्या लिखाणात आलेला ग्रामीण परिसर जपायला हातभार लावणे आणि वाचकांना एकत्र आणणे ही तिची उद्दिष्टे. वार्तापत्र, व्याख्याने, कवितावाचन हे अशा बहुतेक संस्थांमध्ये असतेच. ही संस्था ओळखली जाते ती तिच्या पायी भटकंतीमुळे.

त्याला कारण कवीच आहे. थॉमसने उमेदीची वर्षे पोटासाठी गद्य लिहिण्यात घालवली. पुस्तकपरीक्षणे, चरित्रे, प्रवासवर्णने यांचा त्याने रतीब घातला आणि त्या लेखनासाठी दक्षिण इंग्लंड व वेल्स पायी धुंडाळले. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टशी १९१३ मध्ये ओळख झाली. तुझ्या गद्यातच कविता आहे, हे फ्रॉस्टने त्याला पटवले. डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१७ या जेमतेम दोन वर्षांत त्याने १४० हून अधिक कविता लिहिल्या. त्यांतल्या पुष्कळ कवितांना ठरावीक वाट, कुंपण, टेकडी किंवा झाड आहे; त्या जागा आजही नकाशावर दाखवता येतात.

संस्थेचा मुख्य कार्यक्रम म्हणजे जन्मदिनाची भटकंती. ३ मार्चच्या जवळच्या रविवारी सदस्य हॅम्पशायरमधल्या पीटर्सफील्डजवळच्या स्टीप गावी जमतात. मुलांना बेडेल्स शाळेत घालता यावे म्हणून थॉमस कुटुंब १९०६ मध्ये येथे आले आणि पुढच्या दहा वर्षांत तीन घरांत राहिले. ही घरे खाजगी मालकीची असल्याने ती बाहेरूनच पाहायची. मार्चच्या सुरुवातीला येथे झाडे अजून निष्पर्ण असतात, वाटा चिखलाच्या असतात आणि चढ चांगलाच दमवतो. सोयीचा महिना निवडायचा असता तर मे निवडला असता. पण हिवाळा सरत आलेला आणि वसंत अजून न आलेला हाच काळ थॉमसच्या कवितेत वारंवार येतो, त्यामुळे तारीख अगदी योग्य पडली आहे. वाटेत थांबे घेत कविता वाचतात. त्यासाठी नामवंत नट बोलवावा लागत नाही. चालणाऱ्यांपैकीच कोणी पुस्तक उघडून वाचतो. दुपारी गावच्या चर्चमध्ये वाचनाचा कार्यक्रम होतो.

गावामागच्या खड्या, रानाने झाकलेल्या उतारांना स्थानिक लोक ‘हँगर’ म्हणतात. चुनखडीची जमीन, बीच आणि यू ही झाडे. माथ्यावरच्या विक ग्रीन येथे ‘रेड हाउस’ आहे. जेफ्री लप्टन याने बांधलेल्या या घरात थॉमस १९०९ च्या अखेरीस राहायला आला. दरीवरून येणारे धुके आणि अखंड घोंघावणारा वारा यांमुळे ते घर त्याला कधीच मानवले नाही. त्यातूनच ‘द न्यू हाउस’ आणि ‘विंड अँड मिस्ट’ या कविता आल्या. तो वारा अंगावर घेऊन ‘विंड अँड मिस्ट’ ऐकली की घराविषयीची त्याची तक्रार अतिशयोक्त वाटत नाही. खालच्या शोल्डर ऑफ मटन टेकडीवर १९३७ मध्ये कवी जॉन मेसफील्डच्या हस्ते स्मारकशिळेचे अनावरण झाले. तो सगळा उतारच थॉमसच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. चर्चमध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७८ मध्ये, लॉरेन्स व्हिस्लर याने कोरलेल्या दोन काचेच्या खिडक्या बसवल्या. त्यांतली एक २०१० मधल्या घरफोडीत फुटली.

जवळच्या प्रायर्स डीन येथील ‘व्हाइट हॉर्स’ ही जुनी ग्रामीण पब आहे. तिच्या आडबाजूच्या जागेवरून थॉमसला पहिली कविता, ‘अप इन द विंड’, सुचली. रस्त्यावरच्या चौकटीत नावाची पाटी नसल्याने लोक तिला ‘बिननावाची पब’ म्हणून ओळखतात.

थॉमसच्या वाचकांची पावले हॅम्पशायरबाहेरही वळतात. ग्लॉस्टरशायरमधल्या डिमॉक परिसरात १९१४ च्या उन्हाळ्यात फ्रॉस्ट आणि थॉमस रोज मैलोन्‌मैल चालत. कुठल्या वाटेने जावे यावर थॉमस नेहमी अडे, आणि मागाहून हळहळे. त्याची थट्टा म्हणून फ्रॉस्टने लिहिलेली ‘द रोड नॉट टेकन’ पुढे जगभर भलत्याच गांभीर्याने वाचली गेली. त्याच वर्षी २४ जूनला ॲडलस्ट्रॉप स्थानकावर थांबलेल्या गाडीतून थॉमसची सर्वांत प्रसिद्ध कविता, ‘ॲडलस्ट्रॉप’, जन्मली. स्थानक १९६६ मध्ये बंद झाले. नावाची पाटी आता गावातल्या बसथांब्याच्या निवाऱ्यात आहे आणि तेथे ती कविताही वाचायला मिळते.

थॉमसला वेल्श कवी म्हणावे का, हा वाद जुना आहे. जन्म लंडनच्या लॅम्बेथ भागातला, आईवडील वेल्श. मर्फिन, ब्रॉनवेन, मिव्हान्वी ही त्याच्या मुलांची नावे वेल्श आहेत. ‘ब्यूटिफुल वेल्स’ (१९०५) हे पुस्तकही त्याचेच. वेल्श कवी आर. एस. थॉमस याने १९६४ मध्ये एडवर्ड थॉमसच्या निवडक कवितांचे संपादन केले. कवितेची भाषा आणि माती मात्र बहुतांशी दक्षिण इंग्लंडची, आणि जन्मदिनाची भटकंतीही तेथेच होते.

लष्करात जाण्याची सक्ती नसताना थॉमस जुलै १९१५ मध्ये भरती झाला आणि पहिल्या महायुद्धातील आरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. फ्रान्समधल्या अन्यी येथील सैनिकी दफनभूमीत त्याची कबर आहे. ‘एडवर्ड ईस्टवे’ या टोपणनावाने तयार केलेला कवितासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर निघाला. त्याने लिहिलेल्या आणि त्याच्याविषयीच्या पुस्तकांचा, एका दिवंगत सदस्याने जमवलेला मोठा संग्रह पीटर्सफील्डच्या संग्रहालयातील अभ्यासकेंद्रात ठेवला आहे.