खोबरेल थिजतं तेव्हा

डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. थंडी पडल्याची खूण म्हणून तेवढं पुरतं. झाडंही थंडी बरीचशी अशीच ओळखतात.

प्रत्येक पेशीभोवती मेदाचं अतिशय पातळ पटल असतं. उबेत ते प्रवाही असतं, गारठ्यात ताठर होतं. केळीला हे मुळीच सोसत नाही. तापमान साधारण १३ अंशांखाली बराच वेळ राहिलं, की पटलं पाझरू लागतात, एरवी वेगळे राहणारे रस एकमेकांत मिसळतात आणि साल काळवंडते. फ्रिजमधलं केळं आठवा. जळगावकडे कडाक्याच्या थंडीत केळीला बसणारा चरका तरी वेगळा कुठे!

पण हेच ताठरणं काही झाडांसाठी सावधगिरीची घंटा ठरतं. लसूणघासाच्या पेशींवर २००० साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. पेशी २५ अंशांच्या उबेतच ठेवल्या आणि पटल तेवढं रसायनाने ताठर केलं. थंडीत जागी होणारी जनुकं जागी झाली! उलट ४ अंशांच्या गारठ्यात पटल रसायनाने प्रवाही ठेवलं, तर ती जागीच होईनात. पेशीला जणू थंडीचा पत्ताच नव्हता.

पटल ताठरलं की कॅल्शियमचे कण पेशीत घुसतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात पंधराएक मिनिटांत ‘सीबीएफ’ नावाची जनुकं कामाला लागतात. ती पुढची शेकडो जनुकं हलवतात. साखर साठते, पटलातला मेद न थिजणाऱ्या जातीचा होत जातो. या तयारीला दिवस लागतात, पण फरक केवढा पडतो! उबेत वाढलेली राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) उणे ५ अंशांच्या आसपास मरते. तीच आधी आठवडा-दोन आठवडे २ अंशांत ठेवली, तर उणे ३० पर्यंत तग धरते.

सगळं पटलावरच चालतं असं नाही. प्रकाश ओळखणारं फायटोक्रोम-बी हे प्रथिन तापमानही जोखतं, हे २०१६ मध्ये कळलं.

भाताची गंमत आणखी वेगळी. थंड मुलखातला जपोनिका भात गारठा सोसतो, इंडिका कोलमडतो. चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये यामागचं एक जनुक शोधलं, ‘कोल्ड-१’. त्याचं प्रथिन पटलातच बसतं आणि कॅल्शियमला वाट मोकळी करायला मदत करतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. जपोनिकात तिच्या १८७ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं, इंडिकात मेथिओनिन किंवा थ्रिओनिन. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं. आपल्याकडचा बहुतेक भात इंडिका.