खचणाऱ्या शहरातली लाल दगडाची शाळा

मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात, साल्तो देल आग्वा मेट्रो स्टेशनच्या जवळ, अख्खा ब्लॉक व्यापून एक लाल दगडाची दोन मजली शाळा उभी आहे. नाव कोलेहियो दे लास विस्काईनास. रस्त्याच्या एका टोकाला उभं राहून तिच्या लांबलचक भिंतीवरून नजर फिरवली की पहिल्यांदा हेच जाणवतं की काहीच सुतात नाहीये. खिडक्यांची रांग मधेच खाली जाते, परत वर येते, वरची कॉर्निसही (भिंतीच्या माथ्यावरची बाहेर आलेली पट्टी) तिच्याबरोबर वरखाली होते. यात गवंड्यांची काही चूक नाही, त्यांनी भिंत सरळच उचलली होती, 1734 मध्ये पाया घातला तेव्हापासून खालची जमीन जागा सोडत आलीय.

शाळा बांधली बास्क व्यापाऱ्यांनी. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रांतातून आलेले हे लोक मेक्सिकोत व्यापारात आणि चांदीच्या धंद्यात गब्बर झाले होते आणि आरान्सासूच्या माउलीच्या (म्हणजे मदर मेरीच्या) नावाने त्यांचं एक धार्मिक मंडळ होतं. एचेवेस्ते, अल्दाको आणि मेआवे हे तिघे पुढाकारात. अनाथ मुली आणि विधवा यांना राहायला जागा, जेवण आणि शिक्षण द्यायचं अशी कल्पना होती, पण अट एकच की कारभार आमचा राहील, आर्चबिशपने त्यात हात घालायचा नाही. ही अट चर्चला कशी पचणार! इमारत उभी राहिली तरी परवानग्यांचा घोळ वर्षानुवर्षं चालला, प्रकरण थेट स्पेनचा राजा आणि पोपपर्यंत गेलं आणि मुली आत राहायला आल्या त्या 1767 मध्ये. म्हणजे भूमिपूजनापासून 33 वर्षं. आपल्याकडची रखडलेली सरकारी बांधकामं आठवली असतील तर आठवू द्या.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. हे शहर तळ्यात बसलंय. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या अझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान टेस्कोको तळ्यातल्या बेटावर होती, स्पॅनिश लोकांनी ती पाडून त्याच जागी आपलं शहर बांधलं आणि मग हळूहळू तळं आटवलं. खाली राहिली ती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती, आणि ती विचित्रच आहे, काही ठिकाणी 1 किलो कोरड्या मातीमागे 3 ते 4 किलो पाणी असतं. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि चक्का आकसत जातो, तसंच या मातीचं होतं. वरून वजन टाका किंवा खालून पाणी उपसा, परिणाम एकच, कणांमधलं पाणी निघून जातं, कण एकमेकांजवळ सरकतात आणि जमीन बसते. आणि एकदा बसली की परत पाणी ओतून ती पहिल्यासारखी फुगत नाही.

वजनाचा भाग जुन्या गवंड्यांना चांगलाच माहीत होता. म्हणून शाळेच्या भिंती तेसोन्तले नावाच्या दगडाच्या आहेत. हा लाव्हारस थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकून बनलेला दगड, जवळून बघितला तर भोकंच भोकं, त्यातलं लोखंड गंजल्यासारखं होऊन लाल रंग आलेला. नेहमीच्या घट्ट दगडापेक्षा बराच हलका, त्यामुळे तेवढीच जाड भिंत उभी करूनही जमिनीवर भार कमी पडतो. शिवाय चुन्याचा मसाला त्या भोकांत घुसून बसतो त्यामुळे पकड जबरदस्त येते. पण तेसोन्तलेवर बारीक नक्षी काही होत नाही, कडा तुटतात, म्हणून दारंखिडक्यांच्या चौकटी, कोपरे वगैरे चिलुका नावाच्या करड्या, टणक दगडात घडवले. लाल भिंत आणि करड्या चौकटी ही रंगसंगती त्या काळातल्या मेक्सिको सिटीत जिकडेतिकडे दिसते, लोकांना ती नुसती फॅशन वाटते पण तिच्या मुळाशी हा वजनाचा हिशेब आहे.

पायासाठी त्या शहरात अझ्टेकांपासून चालत आलेली एक रीत होती, चिखलात लाकडी खुंट दाटीवाटीने ठोकायचे आणि त्यावर दगडाचा चौथरा घालायचा. लाकूड कायम पाण्याखाली राहिलं तर तिथे ऑक्सिजन पोचत नाही, बुरशी लागत नाही, शेकडो वर्षं टिकतं. पाण्याची पातळी उतरली की मात्र खुंटांची डोकी उघडी पडतात आणि कुजायला लागतात.

पाणी उतरलं कारण शहराने ते पिऊन टाकलं. 19 व्या शतकापासून विहिरी खोदल्या गेल्या, 20 व्या शतकात उपसा बेसुमार वाढला. जमीन खचण्याचं मूळ हा उपसाच आहे हे 1940 च्या दशकात नाबोर कार्रियो या मेक्सिकन इंजिनियरने गणिताने दाखवून दिलं. गेल्या शतकात जुन्या शहराचा मध्यभाग सुमारे 9 मीटर खाली गेला, म्हणजे तीन मजले! आणि महानगराच्या काही भागांत आजही वर्षाला 40-50 सेंटीमीटर या वेगाने हे चालू आहे.

पण नुसतं खचणं इमारतीला मारत नाही. सगळं एकसारखं खाली गेलं असतं तर विस्काईनासच्या भिंतीला काहीच झालं नसतं, फार तर दारात दोन पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या. त्रास असमान खचण्याचा आहे. एखाद्या ठिकाणी जमिनीखाली जुन्या अझ्टेक बांधकामाचा भराव आहे, तिथली माती आधीच दाबली गेलेली, शेजारी मऊ चिखल, मग एक टोक थांबतं आणि दुसरं बसत जातं आणि मधली भिंत वाकते. चुन्याच्या सांध्यांचा इथे फायदा होतो, चुना सिमेंटसारखा कडक नसतो, हळूहळू झालेली हालचाल तो बऱ्यापैकी सोसतो.

शाळेचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, याच ब्लॉकमध्ये आहे, त्याला रस्त्यावरून वेगळं दार. दाराची दर्शनी बाजू लोरेन्सो रोद्रिगेसने केली असं मानतात, हा त्या काळातला स्टार आर्किटेक्ट, शहराच्या मुख्य चर्चला, म्हणजे कॅथेड्रलला, लागून असलेलं साग्रारियो नावाचं चर्च त्याचंच. आत सोन्याच्या वर्खाच्या भल्यामोठ्या लाकडी वेद्या, छतापर्यंत गेलेल्या. आणि गंमत अशी की चॅपल असूनही हा मठ नव्हता, मुलींनी व्रत घ्यायचं नव्हतं, लग्न करून बाहेर पडता येत होतं, तरी आत असेपर्यंत जगणं बंदिस्तच. चौकांभोवती खोल्या, उजेड आणि हवा आतल्या अंगणांतून यायची, आणि रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने द्यायची दुकानं, ज्यांच्या भाड्यावर संस्थेचा खर्च निघायचा. हे मला सगळ्यात हुशारीचं वाटतं, देणगी संपते पण गाळ्याचं भाडं दर महिन्याला येतं. मेक्सिकोच्या स्वातंत्र्य चळवळीतली होसेफा ओर्तिस दे दोमिन्गेस इथलीच विद्यार्थिनी.

मग भूकंप. 19 सप्टेंबर 1985 ला 8 रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला, केंद्र साडेतीनशेच्या वर किलोमीटर लांब पॅसिफिक किनाऱ्याजवळ, तरी मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली. कारण परत तीच माती. तळ्याच्या गाळाला हादरा बसला की तो साधारण दोन सेकंदाला एक अशा लयीत झुलतो, आणि 6 ते 15 मजली इमारतींची स्वतःची लयही त्याच्याजवळ जाते, दोन्ही जुळलं की हेलकावे वाढतच जातात. दोन मजली, जाड भिंतींची बुटकी इमारत इतकी ताठ असते की तिची लय फार जलद, तिचं त्या झोक्याशी जुळतच नाही. अशा बऱ्याच जुन्या दगडी वास्तू त्या दिवशी उभ्या राहिल्या आणि आधुनिक काँक्रीटचे टॉवर पत्त्यांसारखे कोसळले.

आता तुम्ही म्हणाल, 1993 ला किल्लारीत तर जाड दगडी भिंतींनीच माणसं मारली. बरोबर आहे, पण तिथे केंद्र पायाखालीच होतं, धक्के जलद लयीचे, आणि दगड बहुतेक नुसत्या मातीत रचलेले, वर मातीचं जड धाबं. म्हणजे दगडी म्हणून चांगलं किंवा वाईट असं काही नसतं, लय कुठली आणि दगड कशाने बांधलाय यावर सगळं ठरतं. 2017 चा मेक्सिकोचा भूकंप जवळ झाला होता, तेव्हा पुएब्ला आणि मोरेलोस या राज्यांमधल्या कित्येक जुन्या दगडी चर्चेसचे घुमट आणि मनोरे पडलेच.

खचलेली इमारत सरळ करता येते का? कॅथेड्रलचं 1990 च्या दशकात केलं. जो भाग कमी बसला होता त्याच्या खालची माती मुद्दाम थोडी थोडी काढून तोही खाली आणला, म्हणजे उंच बाजू बुडवून बरोबरी साधली. उलट्या टोकाचं उदाहरण म्हणजे याच शहरातला स्वातंत्र्यदेवीचा स्मारकस्तंभ, 1910 चा. तो जमिनीत खोल गाडलेल्या खांबांवर टेकलाय त्यामुळे तो जागेवर राहिला आणि भोवतालचा रस्ताच खाली गेला, वर चढायला नंतर 14 पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

विस्काईनास अजून शाळाच आहे, आता मुलगेही शिकतात. इतक्या जुन्या भिंतींमध्ये रोज घंटा वाजवायची म्हणजे तडे तपासणं आणि सांधे भरणं हे कायमचं काम. कधी गेलात तर आधी बाहेरून खिडक्यांची रांग बघा आणि मग भिंतीच्या अगदी जवळ जाऊन दगडातली भोकं.