साबणाचा डोंगर नव्हताच
रोमजवळच्या सापो डोंगरावर बळी द्यायचे, चरबी आणि राख पावसाने नदीत यायची, त्यात बायका कपडे धुवायच्या म्हणून नाव पडलं साबण, ही स्टोरी वर्षानुवर्षं फिरतेय, पण असा डोंगर कुठे सापडलेलाच नाही. उलट रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात स्पष्ट लिहितो की सापो (लॅटिनमधे साबण) हा गॉल लोकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या लोकांचा शोध, चरबी आणि राखेचा, आणि तोही केस लालसर करायला! शब्द मुळात जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषागटातला, मग लॅटिन, ग्रीक, अरबी. अरबीतूनच तुर्की आणि इंडोनेशियन दोन्हीकडे सेम 'साबुन' गेला. रूपं मात्र आपापली: तुर्कीत साबुनलुक म्हणजे साबणदाणी, इंडोनेशियनमधे साबण लावणे म्हणजे मन्याबुनी, सुरुवातीचा स चक्क न्य होतो.