तलवारबाजीचे घरगुती दृश्यपरिणाम (बडोदे)

तलवारबाजीचे घरगुती दृश्यपरिणाम : हौशी मंडळींनी काठी, दांडिया किंवा लाकडी तलवार घेऊन केलेल्या झुंजीच्या चित्रफितीत प्रकाशाचे पाते, ठिणग्या, जखम, उडालेले मुंडके असे जे जे प्रत्यक्षात घडलेले नसते ते नंतर घालण्याची रीत. ‘दृश्यपरिणाम’ हा ग्रांथिक शब्द. करणारी मुले ‘इफेक्ट टाकणे’, ‘ग्लो देणे’, ‘रोटो करणे’ (म्हणजे चौकटीचौकटीने वरून रेखाटणे) असेच म्हणतात. व्यावसायिक चित्रपटात चित्रीकरणस्थळी केलेली करामत आणि नंतर संगणकावर केलेली करामत ही दोन वेगळी खाती असतात. घरगुती कामात हा भेद टिकत नाही, कारण रक्ताचा पाक ढवळणारा आणि फ्रेम मोजणारा बहुधा एकच असतो.

उगम : या रीतीच्या मुळाशी दोन जुन्या युक्त्या आहेत. त्यांपैकी पहिली म्हणजे कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे. हिच्या जनकत्वाबद्दल दोन मते आहेत. लोकप्रिय मत जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-चित्रकर्त्याला श्रेय देते. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण चालू असताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडला, आणि फीत पडद्यावर टाकली तेव्हा प्रवासी गाडीची शववाहिका झालेली दिसली, अशी ती हकीकत. ती खुद्द मेलिएसने सांगितलेली असली तरी १९०७ मधील, म्हणजे घटनेनंतर सुमारे दहा वर्षांनी लिहिलेली आहे. दुसरीकडे, एडिसनच्या कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्क याने ऑगस्ट १८९५ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाची जेमतेम १८ सेकंदांची फीत घेतली. तीत कुऱ्हाड वर जाताच कॅमेरा थांबवून नटाच्या जागी पुतळा ठेवलेला आहे. (तलवार नव्हे, कुऱ्हाड, पण मान उडवण्याची युक्ती तीच.) ही फीत आज उपलब्ध आहे आणि तिचा काळ मेलिएसच्या हकीकतीच्या आधीचा आहे, त्यामुळे अग्रमान तिला देणे अधिक सयुक्तिक वाटते. मेलिएसच्या उरलेल्या प्रती तपासल्यावर बदलाच्या जागी बहुतेक ठिकाणी फीत कापून जोडल्याचे आढळले आहे. केवळ कॅमेरा थांबवून भागत नव्हते; थांबताना आणि पुन्हा सुरू होताना बिघडलेल्या चौकटी (फ्रेम) कापून टाकाव्या लागत. मोबाइलवरील संपादनात मुले आज नेमके हेच करतात, म्हणून घरगुती रीतीचा वंश सांगताना अडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कात्री जवळची.

बडोद्याचा संबंध येथे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्यामार्फत जोडला जातो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर १८९० च्या सुमारास ते बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या कलाभवनात दाखल झाले. तेथील प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना छपाईचे तीनरंगी ठसे करण्याचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठवले आणि परतल्यावर कलाभवनातील छायाचित्रण-प्रयोगशाळा वापरू दिली. यावरून फाळक्यांची पडद्यावरील जादू बडोद्यात जन्मली असे म्हणण्याकडे स्थानिक कल असतो. तो जपून स्वीकारावा. कलाभवनात ते शिकले ती स्थिरचित्रे, ठसे आणि अंधाऱ्या खोलीची शिस्त. हातचलाखी ते एका जर्मन जादूगाराकडून १९०१ च्या सुमारास शिकले असे सांगतात. पुढे आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. चलत्कॅमेऱ्याशी त्यांचा खरा परिचय १९१२ च्या लंडन-वारीत, सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रपटनिर्मितीच्या स्टुडिओत झाला. परतल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याचा कोंब दिवसागणिक थोडा थोडा टिपून वेल क्षणात वाढताना दाखवला. कॅमेरा थांबवणे, पुढची चौकट घेणे, पुन्हा थांबवणे : हीच ती युक्ती, फक्त मान उडवण्याऐवजी वेल वाढवण्यास लावलेली. बडोद्याने त्यांना प्रतिमा टप्प्याटप्प्याने घडवण्याची सवय लावली, एवढे म्हणणे सुरक्षित.

दुसरी युक्ती चित्रावर चित्र काढण्याची. मॅक्स फ्लायशर याने १९१५ मध्ये रचलेल्या आणि १९१७ मध्ये पेटंट मिळवलेल्या रोटोस्कोप यंत्रात चित्रित फीत एकेक चौकट करून काचेवर पाडली जाई आणि वरून रेखाटली जाई. प्रकाशाच्या तलवारीसाठी हिचा प्रसिद्ध उपयोग ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटात झाला. तेथे प्रथम गोल फिरणाऱ्या दांड्यांवर प्रकाश आल्या वाटेने परत फेकणारे लेपन लावून, कॅमेऱ्याच्या भिंगाजवळून उजेड टाकून पाहिले होते. परिणाम पुरेसा चमकदार न आल्याने पात्याचा रंग आणि तेज प्रत्येक चौकटीत वरून चढवावे लागले. म्हणजे ते तेज हातात धरलेल्या वस्तूचे नव्हे, मागाहून रेखाटलेले. पुढील सगळी घरगुती रीत यावर उभी आहे.

आखाड्यांची पार्श्वभूमी : बडोद्यात हातात काठी धरणाऱ्याला ती कशी धरावी हे सांगणारे मंडळ बहुधा जवळपास असते. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तेथील प्रोफेसर माणिकराव यांची परंपरा, तसेच बडोद्यात संपादित झालेला दहा खंडी व्यायामज्ञानकोश (पहिला खंड १९३६ च्या सुमारास) यांमुळे फरी-गदका, पट्टा, लाठी, बनेटी, बोथाटी यांची शास्त्रशुद्ध मांडणी मराठीत उपलब्ध झाली. गदका म्हणजे तलवारीऐवजी सरावास घ्यायची, चामडे वा कापड मढवलेली काठी. फरी ही तिच्या जोडीची लहान ढाल. पडद्यावरच्या तलवारीला गदका फार सोयीचा : तो सरळ असतो, वाकत नाही आणि वार चुकला तर हाड मोडत नाही.

दांडपट्ट्याचे तसे नाही. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत झाकणारी आणि पाते लवचीक. मनगट जवळजवळ जखडलेले असल्याने फेक खांद्यातून आणि कमरेतून येते, वर्तुळे मोठी होतात, आणि फिरवताना पात्याला बाक येतो. चार कोपऱ्यांचा सरळ मुखवटा (मास्क, म्हणजे परिणाम जेवढ्या भागावर हवा तेवढाच झाकणारा आकार) अशा पात्यावर बसत नाही. प्रत्येक चौकटीत वक्र काढावा लागतो. मैदानी प्रात्यक्षिकांत पट्ट्याने लिंबू कापण्याचा खेळ लोकप्रिय आहे. चित्रफितीत तो क्लार्कच्या युक्तीने करतात : अख्ख्या लिंबाशेजारून पट्टा जातो, कॅमेरा तिवईवर तसाच राहतो, कापलेले लिंबू ठेवून पुन्हा चित्रण होते आणि दोन तुकडे जोडले जातात. जोड पट्टा लिंबावरून जात असताना द्यावा, कारण त्या क्षणी नजर पात्याबरोबर धावत असते. मधल्या वेळात ढगाने ऊन झाकले तर मात्र सारे उघडे पडते.

प्रकाशाचे पाते : कामाचा मोठा भाग येथे जातो. चित्रीकरणात हातात नुसती काठी असते. अर्धा इंची पीव्हीसी पाइपावर पांढरा कागद गुंडाळला तरी चालते. नवरात्रानंतर घरोघरी पडलेले दांडिये मूठ म्हणून वापरले जातात, पण ते आखूड असल्याने पात्याचे टोक अंदाजाने धरावे लागते आणि अंदाज दर चौकटीत थोडा बदलतो. संपादनात काठीवर पांढरा चौकोनी आकार ठेवून त्याचे चार कोपरे प्रत्येक चौकटीत हलवतात. त्याच्या दोन-तीन प्रती काढून प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा अधिक धूसर करतात, बाहेरच्या प्रतींना रंग देतात आणि सर्व ‘स्क्रीन’ किंवा ‘अॅड’ (म्हणजे खालचे चित्र उजळवणाऱ्या) पद्धतीने मूळ चित्रावर मिसळतात. गाभा पांढराच ठेवायचा असतो. नवशिके गाभ्यालाच निळा वा लाल रंग देतात आणि पाते प्लास्टिकच्या नळीसारखे दिसते. डोळ्याला अतितेजस्वी वस्तू मध्यभागी रंगहीन आणि कडेला रंगीत भासते, त्याचीच ही नक्कल.

सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दहा सेकंदांच्या झुंजीत २५० चौकटी होतात. दोन तलवारी असतील तर ५०० वेळा कोपरे बसवावे लागतात. अनुभवी मुले म्हणून झुंज लहान ठेवतात आणि वारांमध्ये पवित्र्याचे थांबे घेतात. थांबलेल्या काठीचे कोपरे दर चौकटीत हलवावे लागत नाहीत, हे त्यामागचे खरे कारण. पाहणाऱ्याला तो नाट्यमय विराम वाटतो.

हालचालीचा धूसरपणा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. समजा, एक मीटर त्रिज्येने फिरणारे टोक ९० अंशांचा वार पाच चौकटींत पूर्ण करते. प्रत्येक चौकटीमागे १८ अंश, म्हणजे टोकाला सुमारे ३१ सेंटिमीटरचा प्रवास झाला. कॅमेऱ्याचा पडदा (शटर) सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा असेल तर त्यातला निम्मा, जवळजवळ १६ सेंटिमीटरचा, प्रवास धूसर उमटतो. मुखवटा मग काठीच्या आकाराचा नसून मुठीकडे अरुंद आणि टोकाकडे १६ सेंटिमीटर पसरलेल्या पंख्याचा हवा. भर दुपारी मोबाइल आपणहून सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग धरतो. तेव्हा काठी अगदी रेखीव उमटते आणि प्रत्येक चौकटीत ३१ सेंटिमीटर उडी मारते. वरून कितीही तेज दिले तरी वार तुटक दिसतो. यावर घरचा उपाय म्हणजे भिंगापुढे काळ्या गॉगलची काच धरणे, किंवा सरळ संध्याकाळ होऊ देणे. रात्री याच्या उलट अडचण येते. प्रकाश कमी पडला की काही मोबाइल चौकटींचा दर आपणहून घटवतात आणि मोजलेला हिशेब सरकत जातो. विजेच्या दिव्यांखाली सेकंदाचा पन्नासावा वा शंभरावा भाग हेच वेग निवडावेत. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात.

पात्याचा उजेड चेहऱ्यावर पडला नाही तर पाते चिकटवल्यासारखे राहते. त्यासाठी काठीवरच एलईडीची पट्टी लावणे हा सोपा मार्ग. गाल, भिंत, ओली फरशी यांवरचा खरा उजेड संगणकावर रंगवावा लागत नाही. पट्टी टेपने नीट बांधलेली नसली तर तिसऱ्या-चौथ्या वाराला सुटते, हे ओघाने आलेच. आज्ञावलींपैकी आफ्टर इफेक्ट्स (१९९३ पासून) जुनी आणि विकतची. ब्लेंडर आणि दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती यांतही हे सर्व होते.

ठिणग्या, रक्त, आवाज : ठिणग्यांसाठी फॅब्रिकेशनच्या दुकानात रात्री चालणाऱ्या ग्राइंडरचे काळ्या पार्श्वभूमीवर चित्रण करून ते ‘स्क्रीन’ पद्धतीने वर ठेवतात. या पद्धतीत काळा भाग मूळ चित्रात काहीच बदल करत नाही, त्यामुळे ठिणग्या कापून घेण्याची गरज पडत नाही. एका आघातासाठी दोन ते चार चौकटी पुरतात. प्रत्येक आघाताला ठिणग्या उडवण्याची हौस आवरलेली बरी. रक्त म्हणजे लिक्विड ग्लुकोज वा साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि लालीचा भडकपणा मारण्यासाठी चिमूटभर कोको. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग जात नाही. धुळीसाठी मुलतानी माती. पाते शरीरातून आरपार दाखवायचे असल्यास नाटकातलीच रीत : तलवार बगलेतून जाते आणि कॅमेरा पलीकडच्या अंगाला असतो.

पात्यांच्या खणखणाटासाठी सांडशी किंवा लोखंडी उलथने दोऱ्याला टांगून वाजवावे. हातात धरून वाजवले तर नाद दबतो.

कायदा व स्थळे : खऱ्या तलवारीचा प्रश्न येथे सोडलेला बरा. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत तलवार, तसेच घरगुती वा शेतीच्या कामाचे नसलेले ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्र म्हणून धरले जाते. शिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी काढत असलेल्या जाहीरनाम्यांनी सार्वजनिक जागी तलवार, काठी इत्यादी बाळगण्यास मनाई असते. हा अधिकार मूळच्या मुंबई, आता गुजरात, पोलीस अधिनियम १९५१ मधील. लांबून लाकडी तलवार आणि खरी तलवार सारखीच दिसते. त्यामुळे बहुतेक चित्रण घराच्या गच्चीवर, बडोदेकर मराठीत गुजराती वळणाने धाब्यावर, होते. उत्तरायणाच्या आठवड्यात ते शक्य नसते. सर्व धाबी पतंगांच्या ताब्यात जातात आणि मांजा गळ्याशी येतो.

किल्ल्याची पार्श्वभूमी हवी असेल तर चांपानेर-पावागड (२००४ पासून जागतिक वारसास्थळ) जवळचे. परंतु केंद्रीय संरक्षित स्मारकांत चलत्चित्रणास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून बुरूज, दरवाजे यांची साधी छायाचित्रे आणून ती धाब्यावरील झुंजीच्या मागे बसवली जातात. येथे फसगत सावलीने होते : दुपारी दोन वाजता घेतलेल्या छायाचित्रात दरवाजाची सावली पायाशी आखूड असते, आणि संध्याकाळी सहाला लढणाऱ्या दोघांच्या सावल्या कठड्यापर्यंत लांबलेल्या असतात.