टॅगचं नाव बदललं आणि बिल शून्य झालं: एक्सएमएल फाइल पाठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दर महिन्याच्या 10 तारखेला संध्याकाळी फोन वाजतो आणि पलीकडून तेच वाक्य येतं, "साहेब, काल चालत होतं, आम्ही काहीच बदललं नाही." 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचा असतो, टॅलीत बिलं गेलेली नसतात, आणि "काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्या माणसाकडे शोधायला बसलं की कोडमधली एखादी प्रॉपर्टी रिनेम केलेली सापडतेच.

म्हणून हे पत्रक. बिलिंगचा प्रोग्रॅम तुमच्याकडे जो कोणी लिहितो, पगारी माणूस असो की इंजिनिअरिंगला असलेला भाचा, त्याच्या हातात द्या. सी शार्प येतं असं धरून चाललोय.

तुमचा प्रोग्रॅम बिलाची एक्सएमएल फाइल (प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावलेली) काढतो, आमचा कनेक्टर ती वाचून टॅलीत व्हाउचर टाकतो. दोन्हीकडे काम करतो डॉटनेटचा एक्सएमएल-सिरियलायझर, क्लासमधली माहिती एक्सएमएलमध्ये लिहिणारा आणि परत वाचणारा. हा गडी जुना आहे, 2002 च्या पहिल्या डॉटनेटपासूनचा, आणि स्वभावाने सरळ. तुम्ही काही सांगितलं नाही तर क्लासचं नाव तो बाहेरचा टॅग करतो आणि प्रत्येक पब्लिक प्रॉपर्टीचं नाव आतला टॅग. सोय आहे, पण घात पण तिथेच होतो.

एका हार्डवेअरच्या दुकानातली गोष्ट. नव्या पोराला 'नेटअमाउंट' हे नाव पटलं नाही, त्याने व्हिज्युअल स्टुडिओत रिनेम मारून 'टोटलअमाउंट' केलं, बिल्ड झालं, प्रिंट बरोबर आली, शेठ खूश. पण फाइलमधला टॅग पण गुपचूप बदलला ना. आणि वाचताना हा सिरियलायझर अनोळखी टॅग दिसला तर ओरडत नाही, ओलांडून पुढे जातो, आणि जो टॅग सापडलाच नाही ती डेसिमल प्रॉपर्टी शून्यावर तशीच राहते. एरर नाही, काही नाही. दोन दिवस आम्ही लेजर तपासत बसलो, टॅली परत टाकून झालं, आणि चूक निघाली एका शब्दात.

उपाय एका ओळीचा आहे. क्लासच्या डोक्यावर [एक्सएमएल-रूट("इन्व्हॉइस")] लिहा आणि प्रत्येक प्रॉपर्टीच्या डोक्यावर तिच्या टॅगचं नाव, जसं [एक्सएमएल-एलिमेंट("नेटअमाउंट")], प्रॉपर्टीचं आणि टॅगचं नाव एकच असलं तरी लिहा. "तेच नाव दोनदा कशाला?" असं विचारतात. अहो, घरी पोराला बंड्या म्हणा नाहीतर बाळू, रेशनकार्डावरचं नाव बदलत नाही. प्रॉपर्टीचं नाव ही तुमच्या घरातली हाक, अवतरणातलं नाव रेशनकार्डावरचं. ते आपल्या दोघांत ठरलंय, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

आता आमच्यावरचा आरोप. तुमचं सॉफ्टवेअर फार नखरे करतं, एका टॅगसाठी अख्खी फाइल परत पाठवतं. हो, पाठवतं, आणि मुद्दाम पाठवतं. आधी आम्ही पण मिळेल ते घेत होतो. पण शून्य रकमेची चाळीस व्हाउचर वहीत बसल्यावर ती एकेक शोधून काढण्यापेक्षा दारातूनच परत पाठवलेली बरी. म्हणून सिरियलायझरच्या अन-नोन-एलिमेंट इव्हेंटवर आम्ही कान लावून ठेवलाय आणि गरजेचे टॅग आहेत की नाही ते वेगळं तपासतो. तुम्हाला थांबावं लागतं हे कबूल.

प्रत्येक प्रॉपर्टीवर लिहा म्हटलं त्याला एक अपवाद आहे आणि आमचं सांगणं फार मनावर घेणारे नेमके तिथे अडकतात. आयटमच्या लिस्टवर एक्सएमएल-एलिमेंट लावलं की बाहेरची 'आयटम्स' पेटी नाहीशी होते आणि ओळी उघड्यावर पडतात. आम्हाला पेटी लागते, म्हणून लिस्टवर एक्सएमएल-अ‍ॅरे आणि एक्सएमएल-अ‍ॅरे-आयटम अशी जोडी लावा. नफ्याचा हिशोब, खरेदीचा भाव असलं जे बाहेर जायला नको त्यावर एक्सएमएल-इग्नोर, नाहीतर तुमचा मार्जिन आम्हाला दिसतो (दिसलाय, कुणाला सांगितला नाही).

सूट रिकामी ठेवायची असेल तर लोक डेसिमलला प्रश्नचिन्ह लावून मोकळे होतात, मग फाइलमध्ये टॅग जातोच आणि त्यावर निल बरोबर ट्रू असं लिहिलेलं येतं. तो टॅग नकोच असेल तर 'शुड-सिरियलाइज'ला जोडून प्रॉपर्टीचं नाव असलेली पब्लिक बूल मेथड लिहा, फॉल्स दिला की टॅग जात नाही. पण इथे पण तोच भुंगा: प्रॉपर्टी रिनेम केली आणि मेथड तशीच राहिली तर ती मेथड कुणी विचारतच नाही, आणि कंपायलर गप्प.

तारखेवर डेटाटाइप म्हणून डेट लिहा, म्हणजे 2025-04-01 एवढंच येईल, वेळ आणि +05:30 ची शेपटी येणार नाही. टॅलीला लागणारं 20250401 आम्ही करून घेतो. टॅगांचा क्रम ठरवणारा ऑर्डर लावायचा असेल तर क्लासमधल्या सगळ्या एलिमेंटना लावा, एकाला लावून दुसऱ्याला सोडलं तर सिरियलायझर तिथेच अडतो. आणि स्ट्रिंगरायटरमधून काढलेल्या फाइलच्या डोक्यावर यूटीएफ-16 छापलं जातं, पण फाइल सेव्ह होते यूटीएफ-8 मध्ये, तिथे वाचणारा अडखळतो, त्यापेक्षा सरळ स्ट्रीमवर लिहा.

हे सगळं आधीच लावलेली क्लासची फाइल आम्ही कनेक्टरसोबत फुकट देतो, तीच वापरली तर वरचं बरंचसं वाचायची गरज नाही. स्वतःचाच क्लास ठेवायचा असेल तर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असलेल्यांचा कोड आम्ही त्यातच तपासून देतो, बाकीच्यांना तासाच्या हिशोबाने, आणि खरं सांगायचं तर एका 10 तारखेच्या खोळंब्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

अडलात तर एररचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. 'एक्सएमएल डॉक्युमेंटमध्ये एरर, 2, 2' एवढंच त्यात दिसतं आणि खरं कारण इनर एक्सेप्शनमध्ये दडलेलं असतं, तो मजकूर कॉपी करून पाठवा, सोबत क्लासची फाइल आणि तीच बिघडलेली एक्सएमएल, झिप करून. एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह केलेली नको. आणि जमलं तर 8 तारखेच्या आत पाठवा, 9 ते 11 फोन लागणं कठीण.